‘आई, आरटीई म्हणजे आपली जात का?’

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

सोमवारी माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तरही न उतरवता दारातच तिनं विचारलं, ‘आई, आरटीई म्हणजे आपली जात का?’ ती दुसरीत आहे. आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा; खासगी शाळांत त्यानं गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के मोफत जागांपैकी एका जागेवर ती शिकते. त्या दिवशी वर्गात ‘आरटीईवाले उभे राहा’ असं फर्मान निघालं. पाच मुलं उभी राहिली. स्नेहसंमेलनाचे 3,200 रुपये घरून आले नाहीत म्हणून त्या पाचांना ग्रंथालयात नेऊन बसवलं. बाकीचा वर्ग खाली मैदानात नाचाचा सराव करत होता. ‘गाणं वर ऐकू येत होतं,’ एवढंच ती म्हणाली. रात्री जेवली नाही.

मी पोळ्या करून देते. एका पोळीमागे मला दोन रुपये सुटतात. 3,200 म्हणजे सोळाशे पोळ्या, साहेब. तरीही मी लाटल्या असत्या. पण याच कायद्याच्या कलम 3 मध्ये लिहिलंय की ज्यामुळे मुलाचं शिक्षण अडेल असं कुठलंही शुल्क त्याच्याकडून घ्यायचं नाही. मग मी का द्यायचे? कलम 8 आणि 9 म्हणतात, दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही हे सरकारनं पाहायचं. कलम 17 म्हणतं, मानसिक छळ करायचा नाही. हे सगळं मी बारावी शिकलेली बाई मोबाइलवर वाचू शकले. तुमच्या खात्यात कुणी वाचत नाही का?

ही पहिली वेळ नाही. जुलैत पुस्तकांच्या पैशांवरून तिला आठवडाभर पुस्तकांविना बसवलं, तेव्हा मी तुमच्या खात्याकडे लेखी तक्रार दिली. कलम 32 प्रमाणे बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पाच महिने झाले. सुनावणी नाही. आली ती एक प्रत, ज्यात माझी तक्रार ‘उचित कार्यवाहीस्तव’ त्याच शाळेकडे पाठवल्याचं कळवलं होतं. तक्रार कुणी केली हे शाळेला तुमच्या खात्यानं कळवलं, आणि त्यानंतरच माझी मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांत आली.

2024 चं वर्ष मी विसरलेले नाही. 9 फेब्रुवारीला तुमच्या सरकारनं अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या 25 टक्के जागांतून सूट. मे महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती रद्दच केली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. शेजारची मुलं गणवेशात जायची आणि माझी पोर रोज ओट्यावर बसून त्यांना पाहायची. त्या दिवसांचा जाब कोणी दिला?

आता शिक्षेचं बघा. प्रवेशाआधी मुलाची चाचणी घेतली तर शाळेला 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50,000 पर्यंत. पण प्रवेश दिल्यावर त्याच मुलाला हिणवलं, तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई, आणि तीही कोण करणार? तीच संस्था. बालहक्क आयोगाकडे जा म्हणतात. आयोगाला चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी तो सरकारला शिफारस करतो. म्हणजे फिरून तुमच्याच दारात. दरवर्षी किती प्रवेश झाले याचे आकडे तुम्ही सांगता. त्यातली किती मुलं वर्गाबाहेर बसवली जातात, किती कंटाळून शाळा सोडतात, हे एकदा तरी मोजलंय का?

मी मुख्याध्यापकांना भेटले तेव्हा ते म्हणाले, सरकार आमचे पैसे वर्षानुवर्षं देत नाही, आम्ही तरी काय करू? आमच्या मुलांच्या फीपोटी तुम्ही शाळेला एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरवले आणि तेही वेळेवर देत नाही. तुमच्या थकबाकीची वसुली सात वर्षांच्या मुलीकडून चालली आहे. शाळेला मी माफ करणार नाही, पण हा मार्ग तिला तुम्ही दाखवलात. रस्त्यांना पैसा आहे, जाहिरातींना आहे, आमदारांच्या पेन्शनला आहे. गरिबाच्या लेकराची वेळ आली की तिजोरी कोरडी पडते. सत्तेत कोणीही असो, हेच बघत आले आहे.

मला भरपाई नको. शाळेनं त्या पाच मुलांना त्यांच्या वर्गासमोर सांगावं की चूक आमची होती. तक्रारदाराचं नाव शाळेला न कळवता चौकशी करायचा आदेश काढा. आणि माझ्या अर्जाची सुनावणी लावा. पोच माझ्याकडे आहे, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. तारीख कळवा, त्या दिवशी मी डबे बंद ठेवून येईन. मुलीला घेऊन येणार नाही. तिला पुन्हा कुणासमोर उभं करायचं नाही.

आपली,
दुसरीतल्या एका मुलीची आई