ओव्या सावरून देणाऱ्या विट्याच्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

पाटण तालुक्यातील चार वाड्यांमधल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही काही निवृत्त शिक्षक ध्वनिमुद्रित करतो आणि प्रत्येक वाडीतील एका घरी ठेवलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर साठवतो. गेल्या पावसाळ्यात हा संग्रह हातचा जाण्याची वेळ आली असताना आपण विट्याहून दोनदा एसटीने येऊन तो सावरून दिलात. आपल्या इच्छेनुसार नाव लिहीत नाही. परंतु आपण काय केलेत ते अशीच कामे करणाऱ्या इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र उघड लिहिले आहे.

कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला की वीज जाते आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही जाते. ध्वनिमुद्रणाच्या एका बैठकीची फाइल दोनशे एमबीच्या घरात असते; ती पाठवताना मध्येच रेंज गेली, की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्याहून मोठे नुकसान ओव्यांच्या यादीचे झाले. माझ्या जुन्या व्यवस्थेत ‘जिची वेळ नंतरची ती फाइल खरी’ असा नियम होता. आमच्या रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, त्यामुळे पाच दिवसांनी वीज आली तेव्हा, नेटवर्क नसल्याने, तो संगणक पाच दिवस मागचीच वेळ धरून चालू लागला. त्यावर दोन दिवस बसून दुरुस्त केलेली यादी ‘जुनी’ ठरली आणि रेंज येताच दुसऱ्या वाडीची अर्धवट यादी तिच्यावर येऊन बसली.

आपण सिंकथिंग हे अनेक संगणकांवरच्या फाइली एकसारख्या ठेवणारे सॉफ्टवेअर बसवलेत आणि त्याची रीत आम्हाला वहीवर आकृत्या काढून समजावलीत. फाइलचे १२८ केबीचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण) घेतला जातो आणि रेंज परतली की फक्त राहिलेले तुकडे मागवले जातात. तेही ज्या संगणकाकडे असतील त्याच्याकडून. बदललेला भागच पाठवण्याची युक्ती ट्रिजेल आणि मॅकेरास या संगणकतज्ज्ञांनी १९९६ मध्येच आरसिंक या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी मांडली होती, हेही आपण सांगितलेत. एक प्रत दुसरीच्या पुढची आहे की नाही, हे आता घड्याळावरून ठरत नाही. कोणत्या संगणकाने फाइल कितव्यांदा बदलली, त्या मोजणीवरून ठरते.

तरीही माझ्या मते आपली सर्वांत मोलाची मदत म्हणजे ‘ही फाइल कोणाची?’ हा प्रश्न. तो आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आता प्रत्येक वाडीचे फोल्डर त्याच वाडीतून बदलते आणि बाकीचे संगणक ते केवळ घेतात. एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल सर्व ठिकाणी पुसली जाऊ शकते, हे बजावून आपण जुन्या आवृत्त्या वर्षभर राखण्याची सोय केलीत आणि कराडला एक वेगळी हार्ड डिस्क ठेवायला लावलीत, जी महिन्यातून एकदाच जोडायची. नाणे-बॅटरीची छोटी घड्याळेही आपण स्वतः आणलीत. त्यांचे पैसे आपण अजून घेतलेले नाहीत.

यंदा जुलैत, सर्व वाड्या जिच्यात लिहितात त्या सामाईक वहीच्या फाइलशेजारी ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ (दोन प्रतींमधला विरोध) असे नाव असलेली आणखी एक फाइल दिसली आणि क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. उघडून पाहिले, तर रेंज नसताना दोन वाड्यांनी एकाच आजींच्या नोंदीत भर घातली होती: एका प्रतीत त्यांचे माहेर होते, तर दुसरीत एका ओवीचा राहून गेलेला अर्धा चरण. मी दोन्ही मजकूर एकत्र केले आणि संध्याकाळी ती पूर्ण नोंद आजींना वाचून दाखवली. त्यांनी तो चरण स्वतःच पुढे म्हटला.

आपला ऋणी,
पाटण खोऱ्यातील एक निवृत्त शिक्षक