ताई, तुम्ही ‘ववी’ म्हणालात

प्रिय ताई,

त्या दिवशी निघताना तुमचे धड आभारही मानता आले नाहीत, गळाच दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आईवर गाण्यातून उपचार करणाऱ्या तुम्हाला. उघड लिहितेय, चार जणांनी वाचावं म्हणून.

आईच्या मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला आणि उजवा हात नि बोलणं दोन्ही एकदम गेलं. हाताचं तिने सोसलं. शब्द ओठाशी येऊन अडकायचा, ते मात्र तिला सोसवेना. पाणी मागायला जायची नि भलताच आवाज निघायचा. मग ती उशीवर मूठ आपटायची, रात्र रात्र टक्क जागी राहायची. जागून जागून आम्हीही तिच्यावर खेकसायला लागलो होतो.

आधी तिला जिथे नेत होतो तिथे संगीतोपचार म्हणजे तासभर बासरी आणि पावसाचा आवाज, सगळ्या खाटांना एकच. आई भिंतीकडे तोंड फिरवायची. तिला जात्यावरच्या ओव्या यायच्या, असं मी सांगून पाहिलं. तिथून उत्तर मिळालं, “ती गावठी गाणी नकोत, पेशंटला शांत ठेवायचंय.” मी गप्प बसले. कुठल्या तोंडाने भांडणार? शाळेत जायला लागल्यापासून आम्ही भावंडंच तिला टोकत आलो होतो, “आई, न्हाई नाही, नाही म्हण.” पाहुण्यांसमोर ती कमी बोलायची, ते झटक्याच्या कितीतरी आधीपासून.

तुम्ही पहिल्याच भेटीत, फाईल उघडायच्याही आधी, विचारलंत, “आई लहान असताना पहाटे घरात काय ऐकू यायचं?” ताई, तोवर तिच्या लहानपणाबद्दल एकानेही विचारलं नव्हतं.

पुढच्या वेळी तुम्ही ओव्या ऐकून, चाल बसवून आलात. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, हे मला तुमच्याकडूनच कळलं. बोलणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असतं, पण गाण्याला उजवाही साथ देतो, म्हणून बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो. याच धाग्यावरून १९७३ मध्ये अमेरिकेत एक उपचारपद्धत मांडली गेली, हेही तुम्ही सांगितलंत. त्या पद्धतीप्रमाणे तुम्ही ठेका धरायला आईचा डावा हात हातात घेतलात. तिने ठेका धरलाच नाही. मूठ वळली, आणि हात चादरीवर गोल फिरायला लागला. जात्याचा खुंटा धरल्यासारखा. तुम्ही तो थांबवला नाहीत, आपलं गाणंच त्या फिरण्याच्या लयीत नेलंत. आई गुणगुणायला लागली.

मग तुम्ही म्हणालात, “आई, आता दुसरी ओवी घेऊ या.”

आईच्या कपाळाला आठी पडली. आणि अगदी स्वच्छ, खणखणीत म्हणाली, “ववी!”

तीन महिन्यांत तिने उच्चारलेला पहिला धड शब्द. मी तर उभ्या जागी रडायला लागले. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला बोलावलंही नाहीत. “चुकलं माझं, आई. ववी.” एवढंच म्हणालात, आणि वहीत ‘ओवी’ खोडून वर ‘ववी’ लिहिलंत. त्या दिवसापासून तुम्ही तिच्यापुढे एकदाही ओवी म्हणाला नाहीत.

जन्मभर जिला आम्ही बोलायला शिकवत होतो, तिच्याकडून तुम्ही एक शब्द शिकून घेतलात. मला तुमच्या साऱ्या विद्येपेक्षा ती खोडलेली ओळ मोठी वाटते. आजारी माणसापुढे असं लहान होता येणारी माणसं अजून आहेत, हे बघून फार बळ आलं.

आईला अजून सरळ बोलता येत नाही, चिडचिडही होते. पण रात्री झोप लागते. माझं नाव बोलून घेता येत नाही, तर जात्यावर बायका लेकीबाळींची नावं ओवीत गुंफायच्या तसं ती ते ववीत घालते. काल भांडी घासत होते, आतून हाक आली. सुरात, जरा ओढून, शेवटी ‘गं’ लावून. हात तसेच फेसाचे ठेवून धावले.

तुमची,
एका आईची लेक