मिनी ट्रॅक्टरचं चाक आणि मदतीला धावलेली मंडळी

नावं कुणीच सांगितली नाहीत, म्हणून इथेच सगळ्यांना थँक्यू. सासवडजवळ आमची सीताफळाची बाग आहे, तिथल्या मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची रिम व्हॉल्वच्या भोकापाशी पार सडली होती, वजनासाठी टायरमध्ये पाणी भरलेलं असतं ना, ते तिथे झिरपत राहतं आणि आतून गंज खातो, बाहेरून रंग बघाल तर ठणठणीत. नट असे धरलेले की पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो तरी ढिम्म. रस्त्याने जाणारे एक काका थांबले, म्हणाले डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या, उगाच बोल्ट तोडाल. सकाळी सुटले की हो!

नाना पेठेतल्या दुकानदारांनी नवीन रिम विकायची सोडून सांगितलं, मधली डिस्क चांगलीये, कडेला पट्टी मारून घ्या. पुण्यात दुकानदार स्वतःहून गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो, हे लिहून ठेवायलाच पाहिजे :)

आणि वेल्डिंगवाले दादा! टायर पूर्ण उतरवल्याशिवाय रिमला हात लावेनात, नुसती हवा सोडून भागत नाही म्हणे, तापून आत गॅस होतो आणि टायर फुटून माणूस जातो. मग पहारीने टायर उतरवला, सडका भाग ग्राइंडरने कापला, जाड पट्टी मारली, आणि ट्यूबला टोचू नये म्हणून आतली बाजू बोटाने चाचपत चाचपत गुळगुळीत केली, वर रेड ऑक्साइड. चहापण त्यांनीच पाजला.

या बाजूला आलात तर सीताफळं न्यायला नक्की या, पैसे काढलेत तर भांडण होईल.