बाबा, किप्पूरच्या आधी हे वाचाच

प्रिय आई-बाबा,

फोनवर किप्पूरच्या, आपल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि मग आई मधे पडते, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, इन्शुलिन चालू असताना अख्ख्या दिवसाचा कडक उपास करायचा नाही. आणि बाबा तुमचं म्हणणं, देवाचा हुकूम आहे, आपल्या धर्मग्रंथात, लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात लिहिलंय की त्या दिवशी जो जिवाला कष्ट देणार नाही (म्हणजे उपास करणार नाही) तो आपल्या लोकांतून छाटला जाईल, मग डॉक्टर कोण सांगणारे? बाबा, लिहिलंय हे मला मान्यच आहे. पण त्याच पुस्तकात, 18 व्या अध्यायात देव म्हणतो की माझे नियम पाळा, जो पाळेल तो त्यांच्यामुळे जगेल, आणि आपल्या जुन्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) त्यावरूनच ठरवलं की नियम जगण्यासाठी आहेत, मरण्यासाठी नाहीत. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, योमा या किप्पूरवरच्या भागाच्या आठव्या अध्यायात तर सरळच आहे, आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून किप्पूरला खायला द्यायचं. म्हणजे तुम्ही खाल्लंत तर हुकूम मोडला असं होत नाही, तेव्हा खाणं हाच हुकूम असतो.

तुम्ही इतकी वर्षं ठाण्याला सिनेगॉगमधे किप्पूरला मिन्हाच्या, दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी योना संदेष्ट्याचं पुस्तक ऐकता. लहानपणी मला तुम्ही त्यातलं वादळ आणि मासाच सांगायचात, देवाने निनवे शहराला शिक्षेचा इशारा द्यायला पाठवलं तर योना जहाजाने पळाला, मग वादळ आलं, माशाने गिळलं, देवाचं ऐकलं नाही की बघ काय होतं म्हणून. इकडे इस्राएलमधे अश्दोदला आल्यापासून मी ते पुस्तक परत परत वाचते (चारच तर अध्याय आहेत) आणि दरवेळी मला वाटतं की देवाचा न्याय खरा कसा असतो ते याच्यात जितकं दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

ते खलाशी बघा ना. परके लोक, प्रत्येकजण आपापल्या देवाचा धावा करतोय, चिठ्ठ्या टाकल्या तर योनाचं नाव निघालं, योना स्वतःच म्हणतो मला समुद्रात फेका म्हणजे वादळ शमेल. तरी ते लगेच फेकत नाहीत! आधी किनारा गाठायला जिवाच्या आकांताने वल्ही मारतात, माल तर आधीच फेकून दिलेला, आणि कशासाठी, तर ज्याच्यामुळे हे सगळं ओढवलं त्या एका अनोळखी माणसासाठी. काहीच चालेना तेव्हा देवाची माफी मागून मग त्याला सोडतात. आणि योनाला मात्र निनवेच्या अख्ख्या शहराबद्दल एवढंही वाटत नाही.

त्याचा राग मला कळतो हं. निनवे म्हणजे अश्शूरचं शहर, आजच्या इराकमधे मोसुलजवळ, आणि याच अश्शूरी लोकांनी पुढे इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेचं इस्राएल राज्य बुडवलं. अशांना माफी? पण योनाचा इशारा ऐकून राजा गोणपाट नेसून राखेत बसला, गुराढोरांनासुद्धा उपास घातला, आणि देवाने शिक्षा मागे घेतली. योना भडकला, म्हणाला मला ठाऊकच होतं तू दयाळू, कनवाळू, मंदक्रोध आहेस, म्हणूनच तर मी पळालो होतो. लोकांनी सोन्याचं वासरू करून पूजलं त्या पापानंतर देवाने मोशेला सांगितलेले हेच ते शब्द, जे आपण किप्पूरला पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि योना तेच देवाच्या तोंडावर तक्रार म्हणून फेकतोय.

वर म्हणतो, मला मरू दे. बाबा, इथेच मला तुमची आठवण येते. देव त्याचं हे ऐकतच नाही, उलट त्याच्या डोक्यावर सावली यावी म्हणून एक झाड उगवतो. पहाटे किडा लागून ते सुकतं, गरम वारा सुटतो, ऊन डोक्यात जातं, योना परत तेच, मरण बरं. देव याही वेळी त्याला मरण देत नाही, त्याच्याशी वाद घालत बसतो. अख्ख्या पुस्तकात खलाशी, निनवेची माणसं, गुरं, योना, कोणीही मरत नाही, मरतं ते फक्त झाड. एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरं, त्यांची मला कीव येऊ नये का, असं विचारणारा हा देव तुमची शुगर खाली जाऊन तुम्ही बाकावर कोसळावं म्हणून वाट बघत असेल का हो? मला नाही पटत. गुरांचा हिशोब ठेवतो तो, तुमचा ठेवणार नाही?

तर आता एवढंच करा. दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, त्या दिवशी इन्शुलिन किती घ्यायचं, काय आणि किती खायचं ते कागदावर लिहून आणा. ते चालेल म्हणाले तर थोडं थोडं, मधे काही मिनिटं सोडून खायची पद्धत आहे, त्याबद्दल मी इथल्या रब्बींना विचारून कळवते. आई, डबा तुझ्या पिशवीत ठेव, बाबा विसरलो म्हणतील. पांढरे कपडे घालून जाच, सगळ्या प्रार्थना म्हणा, फक्त उभं राहायचा हट्ट नको.

तुमचा किप्पूर आमच्या आधी सुटतो. आमच्याकडे सुटला की लगेच फोन करते, तोवर झोपू नका.

तुमची,
बेबी