‘हातकाम’ म्हणून विकलेल्या यात्राचिन्हांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: ‘मध्ययुगीन यात्रा’ या नाताळ संचाची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

नाताळच्या झाडावर लावण्यासाठी आपल्याकडून मी पाच कापडी लटकनांचा संच मागवला. किंमत 2,400 रुपये, वर तीन जादा शिंपल्यांचे पैसे वेगळे. शुद्ध लोकरीचे फेल्ट, प्रत्येक टाका हाताचा, नमुने युरोपातल्या जुन्या यात्राचिन्हांवरून (तीर्थयात्रेची खूण म्हणून यात्रेकरू अंगावर लावत ते बिल्ले), असे जाहिरातीत ठळक अक्षरांत होते. आलेल्या मालात यातले एकही धड नाही.

शिंपल्याचेच आधी सांगते. स्पेनमधल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेलाला संत जेम्स यांच्या कबरीचे दर्शन घेऊन परतणारे यात्रेकरू तो टोपीला नाहीतर झोळीला लावत. आमच्या आगाशीचे चर्च याच संताच्या नावाचे, म्हणून तर जादा शिंपले घेतले. चारही शिंपल्यांत डावीकडून तिसऱ्या रेघेतला टाका नेमका त्याच जागी सुटलेला आहे. हाताने शिवणारी बाई चारदा चुकेलही, पण दर वेळी तिथेच? उलटून पाहिले तर बॉबिनचा पांढरा दोरा आणि मशीन एम्ब्रॉयडरीखाली लावतात तो कागद तसाच. कडेचा काज टाका तर चक्क छापलेला! फेल्टचा तुकडा जाळून पाहिला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा तुकडा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली.

फ्रान्समधल्या रोकामादूर या तीर्थाचे मूळ चिन्ह दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये बाळाला घेऊन बसलेली मरियामाता आणि कडेला कपड्यावर शिवण्यासाठी बारीक कड्या. आपण पाठवलेले वाटोळे आहे. कड्यांच्या जागी गोंडा, तोही ग्लूने चिकटवलेला. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या लटकनासोबतच्या कार्डावर तिथले आर्चबिशप थॉमस बेकेट यांची हत्या 1538 साली झाल्याचे छापले आहे. ती 1170 सालची. 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत त्यांची समाधी मोडली गेली. रोमच्या किल्ल्या आणि जेरुसलेमची झावळी यांच्याबद्दल लिहीत बसले तर पत्र संपणार नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने मला ऐकवले की, मूळ चिन्हेही साच्यातूनच निघत, म्हणून सगळी सारखी दिसणारच. अगदी खरे. शिसे आणि कथील वितळवून दगडी साच्यात ओतत. स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेल्नच्या यात्रेत 1466 साली दोन आठवड्यांत अशी सुमारे 1,30,000 चिन्हे खपली. पण म्हणूनच ती स्वस्त होती, गरीब यात्रेकरूलाही परवडत. साच्याचा माल साच्याच्या भावाने विका, माझे काही म्हणणे नाही. हातकामाचे पैसे घेऊन वर साच्यांचा इतिहास मला कशाला?

सांतियागोबाहेर शिंपले विकणाऱ्यांना तेराव्या शतकात पोपने चर्चमधून बहिष्काराचा धाक घातला होता. माझ्याकडे फक्त 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. पूर्ण रक्कम माझ्या खात्यात परत करावी, माल न्यायला कुरिअर आपल्या खर्चाने पाठवावा आणि जाहिरातीतून ‘हातकाम’ व ‘शुद्ध लोकर’ हे शब्द काढावेत. बदली संच पाठवू नये.

सोबत: बिल, लटकनांचे दोन्ही बाजूंचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट.

आपली,
एक ग्राहक
आगाशी, ता. वसई