सनरूफवाली गाडी घेण्याआधी

किचनर, ऑंटारिओ, कॅनडा
९ नोव्हेंबर

ति. स्व. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू चिरंजीवांच्या गाडीचा विषय काढलास तेव्हा ते तुझ्या शेजारीच बसले होते, म्हणून मी 'बघू, विचार करून सांगते' एवढंच म्हणाले. तेव्हाच बोलले असते तर पोराचं तोंड उतरलं असतं. आधी तू वाच, वहिनींना वाचून दाखव, आणि मग त्याच्या हातात द्यायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

पुण्यात कुणाची तरी सात-आठ वर्षं वापरलेली मोठी जर्मन गाडी, लेदरच्या सीट, वर सनरूफ, आणि भाव नव्या छोट्या गाडीएवढा! त्याच्या वयात मोह होणारच. पण भाव इतका का उतरलाय, हे त्याने स्वतःला विचारलं का? जुन्या गाडीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. हेडलाइट फुटला तर तो नव्या गाडीच्या हेडलाइटच्याच भावाने येतो. आत्याने बऱ्याच गाड्या वापरल्यात, तिचं मत घे, असं तू त्याला सांगितलंस म्हणे. तर हे घ्या मत.

तुझ्या लेखी जगातली सर्वांत चांगली गाडी म्हणजे आपली फियाट, हे मला माहीत आहे. बाबांनी डॉक्टरांकडून घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, कागदावर पद्मिनी आणि घरात कायम फियाट. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा तू मला रात्री दोन वाजता फोटो पाठवत होतास. मलाही सगळं आठवतं. स्टेअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढची सीट अखंड म्हणून पुढेच तिघं, आणि दाराची ती त्रिकोणी काच, जी वळवली की वारा थेट तोंडावर. पाचगणीला निघालो की मागे आत्या, काकू, तुम्ही भावंडं, आणि डिकीत स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन. पसरणी घाटात गाडी तापणं हा तेव्हा कुणी गाडीचा दोष मानतच नसे. वळणावळणाला सगळ्या जातीच्या गाड्या बॉनेट वर करून उभ्या असत, आणि बाबा रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं टाकून अनोळखी माणसांशी गप्पा मारत. आम्हाला भूक लागायची, त्यांना कसलीच घाई नसायची.

तरी मी तिला पहिला नंबर देणार नाही, चिडू नकोस. सीटबेल्ट नावाची वस्तू आपण तेव्हा पाहिलेलीही नव्हती. मी पुढे आजीच्या मांडीवर, नाक काचेपासून हातभर. माझ्या मुलांना कुणी असं बसवलं असतं तर मी भांडण काढलं असतं. तू गाडीला नंबर देत नाहीस दादा, बाबांना देतोस. तो त्यांना द्यायलाच हवा, पण पोराला गाडी घ्यायची आहे, तिथे हा हिशेब कामाचा नाही.

माझा पहिला नंबर इथल्या पहिल्या गाडीला. बिस्किटी रंगाची जुनी कोरोला. शेजारच्या केंब्रिज गावात टोयोटाचा कारखाना आहे, १९८८ पासून तिथे कोरोला बनायची. आमचीही तिथलीच. एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतली. बाईंनी चावीबरोबर एक जाड पाकीट दिलं, त्यात पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या तारीखवार लावलेल्या. मी गाडी घेतली नाही, ते पाकीट घेतलं असंच म्हणेन.

आता तिच्याविषयी काय सांगू? चांगल्या गाडीची पंचाईत ही, की तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडतच नाही. चावी फिरवली की चालू. उणे पंचविसाला कुरकुरत, पण चालू. धाकटीच्या वेळी हॉस्पिटलला त्याच गाडीतून गेलो, बर्फ पडत होतं, आणि वाटेत एकदाही माझ्या मनात गाडीचा विचार आला नाही. माझी परीक्षा एवढीच आहे. ज्या दिवशी डोक्यात दुसरं काही मोठं चाललेलं असतं, त्या दिवशी गाडीने स्वतःची आठवण करून देऊ नये. दिसायला अगदीच सामान्य, मॉलच्या पार्किंगमध्ये तशाच चार गाड्या शेजारी उभ्या, मी एकदा भलत्याच माणसाच्या गाडीला चावी लावत होते. तीन लाख किलोमीटर ओलांडून गेली.

तिला संपवलं ते मिठाने. वहिनींना मागे सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं होतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून जाड मीठ पसरतात, टनावारी, ट्रकने. इथून दीडेक तासावर गॉडरिच म्हणून गाव आहे, तिथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली अर्ध्या किलोमीटरहून खोल मिठाची खाण आहे, जमिनीखालची जगातली सर्वांत मोठी. थंडी उणे दहा-बाराच्या खाली गेली की मिठाचाही फारसा उपयोग होत नाही, मग वाळू टाकतात. ते खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला बसतं आणि पत्रा आतून खात जातं. वरून रंग शाबूत, खाली दाराच्या उंबऱ्यात बोट जाईल एवढं भोक. म्हणून दर शरद ऋतूत आम्ही गाडीच्या पोटाला गंज धरू न देणाऱ्या तेलाचा फवारा मारून घेतो. पुढे चार दिवस अंगणात तेलाचे थेंब. शिवाय थंडीचे टायर वेगळे. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. आजच ते बदलून आले, म्हणून कंबर धरलीय.

इथे जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करून रस्त्यावर आणायची तर तपासणीचा दाखला लागतो, आणि सांगाड्याला गंजाची भोकं असली की तो मिळत नाही. आमच्या कोरोलाचं इंजिन उत्तम, गिअर उत्तम, आणि पत्रा संपलेला. भंगारवाल्याने ओढून नेली. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाही, हे मात्र रस्त्याच्या टोकापर्यंत मागे गेले.

नंबरप्लेट तेवढी काढून ठेवली. आपल्याकडे नंबर गाडीबरोबर जातो ना, इथे तो मालकाबरोबर राहतो. गाडी विकली की प्लेट उतरवून घ्यायची आणि पुढच्या गाडीला लावायची. त्यामुळे त्याच सोन्यासारख्या प्लेटला पुढची काही वर्षं भलत्याच संगतीत काढावी लागली.

तर ती दुसरी गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही. पत्र घरभर फिरणार, आणि तुझ्या व्याह्यांकडे तीच कंपनी आहे. युरोपातली होती, एवढं पुरे. घेताना घरात मतदान झालं. हे आणि दोन्ही मुलं एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या. काळीभोर, आत लाकडी पट्ट्या, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. चालवायला सुरेख होती, खोटं कशाला बोलू. टोरांटोच्या चारशे एक हमरस्त्यावर, जिथे काही ठिकाणी दोन्ही बाजू मिळून अठरा लेन आहेत आणि ट्रकवाले कुणाचं ऐकत नाहीत, तिथे ती रुळावर ठेवल्यागत जायची. ह्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज असायचं ते लग्नातही नव्हतं.

पहिल्या पावसाळी वसंतात रात्री वायपर आपोआप सुरू झाले. गाडी बंद, चावी घरात, आणि वायपर चालू. मग एकदा डिकी आपली आपण उघडली. मग डॅशबोर्डवर दिवे लागायला लागले, पिवळे, लाल, एक तर असा की मॅन्युअलमध्येही चटकन सापडेना. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली की संगणक जोडायचे, दिवे घालवायचे, बिल द्यायचे. आठवड्याने दिवे परत.

कारण सापडलं ते केंब्रिजच्या एका म्हाताऱ्या पोर्तुगीज मेकॅनिकला. त्या भागात पोर्तुगीज वस्ती बरीच आहे. त्याने संगणक जोडलाच नाही. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला आणि हाताने दाबला. बदाबदा पाणी. सनरूफ कधीच पूर्ण पाणबंद नसतं दादा, हे पोराला नीट समजावून सांग. काचेच्या कडेने पाणी आत येणार हे धरूनच ते बनवतात. भोवती एक पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या पोटातून खाली उतरून पाणी बाहेर सोडतात. आमच्या दारात मेपल आहे. त्याच्या पंखवाल्या बिया आणि कुजलेला पाला त्या नळ्यांत बसला. मग पाणी बाहेर न जाता आत, गालिच्याखाली, आणि या गाडीचा मेंदू ठेवला होता नेमका तिथेच. हिवाळ्यात त्याच पाण्याचा बर्फ.

नळ्या साफ झाल्या, पण भिजलेल्या तारा भिजलेल्याच. पुढे गिअरबॉक्सने अंग काढून घेतलं. मग इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जोडणीचा एक प्लास्टिकचा तुकडा तडकला. तुकडा तळहाताएवढा, पण तिथे हात पोचायला गाडीचं सगळं नाक उतरवावं लागलं. ते भाग परदेशातून येणार, तोवर हे बसने कामाला. आणि पेट्रोल महागातलंच लागायचं, ते वेगळं.

दसऱ्याला मी तिचीही पूजा करायची बरं का. परसातला झेंडू पहिल्या हिमकडाक्याच्या आधी काढून ठेवायचा, हार करायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं. त्याच वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती ग्रोसरीच्या दुकानासमोर गळ्यात हार घालून बंद पडली. लोक फोटो काढत होते. तपासणीच्या दाखल्याशिवाय, 'आहे तशी' म्हणून विकली. घेणाऱ्या पोराला मी सगळं सांगितलं, गालिच्यासकट. त्याने ऐकलं, सीटवरून हात फिरवला आणि घेऊन गेला.

नंतरची सरकत्या दारांची व्हॅन तुम्ही पाहिलीतच. तिला मी नंबर देत नाही. मुलांच्या हॉकीच्या घामट किटांचा वास आणि मागच्या सीटखालचे मुरमुरे, हीच तिची कीर्ती. बाबा आले होते तेव्हा नायगाऱ्याला जाताना ते दर सिग्नलला पुढच्या सीटवरून ब्रेक दाबत होते, आणि कॉफी प्यायला थांबलो की पहिल्यांदा बॉनेट उघडायला सांगत. आत सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली. 'यात करायचं काय माणसाने?' म्हणाले आणि बंद केलं. आईला मात्र ती दारं फार आवडायची, बटण दाबून उघड-मिट करत बसायची.

आता बॅटरीवरची आहे. रात्री अकरा ते सकाळी सात वीज अगदी स्वस्तात मिळते, तेव्हा लावून ठेवायची. जानेवारीत एका चार्जवर उन्हाळ्याइतकी पळत नाही, हीटर बॅटरी खातो. बाकी बरी आहे. एवढ्यात मत देत नाही.

पोरासाठी कामाचं सांगते. गाडी बघायला सकाळी लवकर जा म्हणावं, आणि आदल्या दिवशीच मालकाला सांग, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार इंजिन खरं बोलतं. बॉनेटला हात लावून बघ, कोमट असलं तर मालकाने आधीच तापवून ठेवलंय. गालिचे उचल, खाली हात घाल, वास घे. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढ. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी वरून कितीही घासली तरी बेल्टच्या आतल्या भागात गाळाची रेघ राहते, आणि हल्ली पुण्यात काय, मुंबईत काय, बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकायला येतात. सनरूफ उघडून पन्हळीच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी हळूहळू ओत आणि कुणाला तरी खाली बघायला सांग. गाडीखाली पडलं तर ठीक. नाही पडलं तर चहा पिऊन परत ये. सर्व्हिसिंगच्या पावत्या माग, 'सगळं झालंय हो' यावर जाऊ नको. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरचा आपला फिटर अजून काम करत असेल तर त्याला भाड्याने का होईना पुण्याला घेऊन जा.

हे सगळं करून गाडी पास झाली आणि तरीही हवीच असेल तर घेऊ दे. पैसे त्याचे आहेत. पण तू त्यात पैसे घालू नकोस, आणि आईची एफडी मोडायची गोष्ट तर काढूसुद्धा नकोस. फोनवर तू ते पुटपुटलास, मी ऐकलंय.

आम्ही जानेवारीच्या शेवटी येतोय. मुंबईला न्यायला कुणी येऊ नका, टॅक्सी ठरवली आहे. वहिनी, काळा मसाला संपत आलाय, पण आत्ता पाठवू नका, आले की घेऊन जाईन. आईच्या गुडघ्याचा एक्सरे झाला का ते कळव.

तुझी
धाकटी