नदीकाठचं घर घेताना

महोदय,

बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीकाठच्या कंग्राळी, आंबेवाडी भागात घर घेणारे बरेचजण घरपट्टीची पावती बघून इसार देतात. ती मालकीचा पुरावा नव्हे. ई-स्वत्तूचा, म्हणजे कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना 9 आणि 11-ए मागा. 11-बी (नियमात न बसणाऱ्या मालमत्तेचा नमुना) पुढे केला, तर बँकेचं कर्ज अडतं. ईसी, म्हणजे मालमत्तेच्या नोंदणीकृत व्यवहारांची आणि बोज्यांची यादी, 30 वर्षांची काढा. मात्र तीत तोंडी वाटणी किंवा बहिणींचा हक्क दिसत नाही, म्हणून सगळ्या वारसांच्या सह्या हव्यातच. दस्त कन्नडमध्ये असतो, निदान चतुःसीमा तरी वाचून घ्या.

नव्या रंगाला भुलू नका. 2019 च्या ऑगस्टातल्या पुराची ओल कपाटामागे, मीटरच्या पेटीखाली अजून सापडते. एका रेषेत पोपडे दिसले की पाणी तिथवर आलं होतं समजा. शेजाऱ्याला विचारा, एजंटाला नको!

— काही दस्तलेखक, बेळगाव